उताऱ्यात लिहिलंय तेवढंच

मराठीत ‘उतारा’ या शब्दाला बरीच कामं आहेत. विषावर उतारा असतो, दृष्ट लागली की भाताचा उतारा टाकतात. गावाकडच्या माणसाला मात्र हा शब्द ऐकला की आधी सातबारा आठवतो. तालुक्याच्या बँकेत कर्जासाठी गेलं की साहेब पहिलं विचारतो, ‘‘उतारा आणलाय का?’’ मग तुम्ही सांगत बसा, ही जमीन पणजोबांपासून आमचीच, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. साहेब मान डोलावतो आणि कागदावर बोट ठेवून वाचू लागतो: नाव कोणाचं, क्षेत्र किती, ‘इतर हक्क’च्या रकान्यात कुठल्या सोसायटीचा बोजा तर चढलेला नाही ना.

प्रवेश परीक्षेतला उतारा या साहेबासारखा वाचावा लागतो. गावाला काय ठाऊक आहे, तुमचं मत काय, काल टीव्हीवर कोण काय म्हणालं, याला तिथे किंमत नाही. कागदावर काय लिहिलंय आणि त्यातून काय निघतं, एवढंच बघायचं. सांगायला हे सोपं आहे, पण हुशार मुलांचे गुण नेमके इथेच जातात. ते कसे जातात आणि कसे परत मिळवायचे, हे एका परीक्षेच्या निमित्तानं पाहू.

आकलनावर उभी परीक्षा

बारावीनंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला जायचं असेल, तर कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट म्हणजे ‘क्लॅट’ द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेशही तिच्यावरूनच होतात. क्लॅट पहिल्यांदा झाली २००८ मध्ये. २०१९ पर्यंत तिचं रूप ओळखीचं होतं. दोन तासांत २०० प्रश्न. समानार्थी शब्द, सामान्य ज्ञान, गणित, कायद्याची छोटी तत्त्वं. पाठांतर दांडगं असलं की बरंच निभावून जायचं.

२०२० पासून परीक्षेनं कूस बदलली. आधी १५० आणि २०२४ च्या प्रवेशांसाठीच्या परीक्षेपासून १२० प्रश्न, वेळ तेवढाच, आणि प्रत्येक विभाग उताऱ्यांवर आधारलेला. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, चालू घडामोडींचे २८ ते ३२, कायदेविषयक तर्काचे २८ ते ३२, तर्कशक्तीचे २२ ते २६ आणि अंकगणिती आकलनाचे १० ते १४. उतारा साधारण ४५० शब्दांचा. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण वजा. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. क्लॅट मात्र इंग्रजीतच द्यावी लागते.

या बदलाचा अर्थ मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. ‘इंग्रजी’ हा पाचातला एक विभाग, असं समजून ती त्याला आठवड्यातला एक दिवस देतात. खरं तर कायद्याचा आणि तर्काचा विभागही आकलनाचाच आहे. तिन्ही मिळून ८० च्या आसपास प्रश्न होतात. म्हणजे पेपरचा दोन तृतीयांश भाग एकाच गोष्टीवर उभा आहे: अनोळखी मजकूर हातात आल्यावर त्याचं तुम्ही काय करता.

अपवाद चालू घडामोडींचा. तिथे उतारा बहुतेकदा निमित्तापुरता असतो. उत्तर त्याच्या बाहेर, तुमच्या वर्षभराच्या वाचनात असतं. तिथे उतारा घोळवत बसणं म्हणजे वेळ घालवणं. साहेबी वाचन राखून ठेवायचं ते त्या ८० प्रश्नांसाठी.

घड्याळाचा हिशेब

आता जरा आकडेमोड करू. एका उताऱ्यावर सरासरी पाच प्रश्न धरले, तर ८० प्रश्नांसाठी १६ उतारे, म्हणजे सुमारे ७,२०० शब्द. चालू घडामोडी आणि गणित यांना मिळून अर्धा तास दिला, तर हाती राहतात ९० मिनिटं.

मिनिटाला १०० शब्द वाचणाऱ्या मुलाची ७२ मिनिटं नुसत्या वाचनात जातात. उरलेल्या १८ मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १३-१४ सेकंद. तेवढ्यात चार पर्याय नीट वाचूनही होत नाहीत. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याला वाचायला ४८ मिनिटं लागतात आणि प्रश्नामागे अर्धं मिनिट मिळतं. २४० शब्दांचा वेग असेल, तर वाचन ३० मिनिटांत आटोपतं आणि प्रश्नामागे ४५ सेकंद राहतात. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन मानसशास्त्रज्ञानं २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा गोषवारा घेतला, तेव्हा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. तेव्हा २४० हा काही अचाट वेग नव्हे. मात्र तो सरावलेल्या वाचकाचा आहे.

इथे शीघ्रवाचनाच्या जाहिराती आठवतात. मिनिटाला हजार शब्द, एका नजरेत अख्खी ओळ, वगैरे. डोळ्याची रचना या दाव्याच्या आड येते. वाचताना नजर ओळीवरून सरकत जात नाही, टप्पे घेत जाते. इंग्रजीत एक टप्पा सात ते नऊ अक्षरांचा, आणि प्रत्येक टप्प्यावर ती साधारण पाव सेकंद थांबते. अक्षरं स्पष्ट दिसतात ती नजरेच्या मध्याशी, थोड्याशाच जागेत. कीथ रेनर या अमेरिकी संशोधकानं आयुष्यभर नजरेच्या या हालचाली मोजल्या. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्ष रोखठोक आहे: वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला की आकलन घटतं. मनातल्या मनात शब्द उच्चारणं ही वाईट खोड आहे, असंही शीघ्रवाचनाच्या वर्गांत शिकवतात. पण तो उच्चार दाबून टाकला तर अवघड मजकूर कळायला उलट त्रास होतो.

मग वेग वाढतो कशानं? त्या भाषेची ओळख वाढल्यानं. ज्या शब्दापाशी अडावं लागत नाही, ज्या वाक्यावर मागे फिरावं लागत नाही, तिथे वेग आपोआप येतो. म्हणून ‘माझा वेग कमी आहे’ या तक्रारीच्या पोटात दुसरीच तक्रार असते. ती शोधायला हवी.

‘कळलं नाही’ म्हणजे काय कळलं नाही?

तापाला औषध देताना डॉक्टर आधी विचारतो, ताप कशाचा? आकलनाच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारत नाही. गुण कमी पडले की ‘आणखी उतारे सोडव’ हा एकच काढा सगळ्यांना. वास्तविक उतारा न कळण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा.

पहिलं कारण, शब्द. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी मार्सेला हू यांच्यासोबत २००० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. परकी भाषा शिकणाऱ्यांना मजकूर कोणाच्या मदतीवाचून नीट कळायचा, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यात दिसलं. ४५० शब्दांच्या उताऱ्यात दोन टक्के म्हणजे नऊ शब्द. नऊ अडले तरी चालेल. बावीस-तेवीस अडले की गोष्ट हातातून सुटते. त्यामुळे उताऱ्यात अनोळखी शब्द दिसला की घाबरायचं कारण नाही, पण ते मोजायचे मात्र जरूर.

अडणाऱ्या शब्दांपेक्षा जास्त घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि दुसऱ्या संदर्भात निर्बंध किंवा दंड. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि नजरचूकसुद्धा. ‘कन्व्हिक्शन’ म्हणजे ठाम श्रद्धा, न्यायालयात मात्र दोषसिद्धी. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, करारात मात्र मोबदला. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ हा पात्र माणसाचा पाठिंबा नसतो, तो सशर्त पाठिंबा असतो. शब्दकोश उघडायची गरज आहे अशी शंकाही इथे येत नाही, म्हणूनच फसगत होते. अशा दुतोंडी शब्दांची वेगळी यादी करा. ती हजारांच्या शब्दयादीपेक्षा कामाला येते.

दुसरं कारण, वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येतं. आपण वाक्याच्या टोकापर्यंत दम धरतो, कारण निकाल तिथे लागणार हे कानाला माहीत असतं. इंग्रजीत कर्ता सुरुवातीला येतो, मग मध्ये एखादं लांबलचक उपवाक्य घुसतं आणि त्यानंतर त्या कर्त्याचं क्रियापद. मराठी कान असलेला वाचक तोवर कर्ता विसरलेला असतो. उपाय जुना आहे, शाळेतल्या वाक्य-पृथक्करणाचा. लांब वाक्य दिसलं की कर्ता आणि त्याचं क्रियापद या जोडीखाली रेघ ओढा आणि बाकीचं मनात ‘जो-तो’च्या साच्यात बसवा: ज्या कायद्यावर टीका झाली, तो कायदा टिकला. महिनाभर रोज अशी पाच वाक्यं सोडवली, की रेघ ओढायची गरज उरत नाही.

याच सदरात नकार मोडतात. ‘अनलेस’, ‘हार्डली’, ‘फ्यू’ हे शब्द ‘नॉट’ न वापरता नकार आणतात. ‘कायदा घटनाबाह्य आहे असं न्यायालयानं म्हटलं नाही’ आणि ‘कायदा घटनेला धरून आहे असं न्यायालयानं म्हटलं’ या दोन वाक्यांत अंतर आहे. घाईत ते पुसलं जातं.

तिसरं कारण विषय, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. १९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. शब्द सगळे सोपे, वाक्यं सरळ: वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, अशा सूचना. कोणालाच काही उमगेना. ‘कपडे धुणे’ हा विषय आधी सांगितला, की तोच परिच्छेद लख्ख कळायचा. पुढे १९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे मराठी व्याकरणात नापास होणारा पोरगा क्रिकेटच्या बातमीतली ओळ न् ओळ उलगडून सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे आकलन ही कुठल्याही मजकुरावर सारखीच चालणारी यंत्रणा नाही. चलनवाढ म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला रिझर्व्ह बँकेवरचा उतारा निम्मा आधीच कळलेला असतो. आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की हे ज्ञान कोणत्या भाषेतून मिळालं याचा उताऱ्याला पत्ता नसतो. संघराज्य, जनुक, मान्सून, मानवी हक्क या विषयांवर मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. तो संकेतस्थळावर मोफत आहे. मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख घ्या. विषय डोक्यात बसलेला असला की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भानं लागतो, आणि तो शब्द लक्षातही राहतो. मराठी अग्रलेख वाचल्यानं इंग्रजी बिघडतं, हा गैरसमज सोडून द्यावा.

एक उतारा सोडवून पाहू

आतापर्यंतचं सगळं उताऱ्याच्या आत शिरण्याबद्दल होतं. आता पर्यायांकडे वळू. पर्याय पारखायची सवय भाषेवर अवलंबून नसते, म्हणून नमुना मराठीतच घेऊ. खालचा उतारा एकदा शांतपणे वाचा.

> महाराष्ट्रात सातबारा हा महसूल खात्याचा अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, तिचं क्षेत्र किती, तिच्यावर कोणतं कर्ज आहे, हे त्यावरून कळतं. जमीन महसूल संहितेनुसार अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्याविरुद्ध पुरावा येईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून बँका कर्ज देताना आणि खरेदीदार व्यवहार करताना सातबारा आधी मागतात. पण न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केलं आहे की, ही नोंद मुख्यतः महसुलाच्या कामासाठी असते; केवळ नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही आणि केवळ नोंद नसल्यामुळे ती नाहीशीही होत नाही. मालकीचा वाद उभा राहिला, तर तो दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो.

प्रश्न १. उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?
(अ) सातबारा बेभरवशाचा कागद असून त्यावर विसंबून व्यवहार करू नये.
(ब) सातबाऱ्यातली नोंद खरी मानली जाते, पण ती मालकीचा अखेरचा निकाल नव्हे.
(क) बँका कर्ज देताना सातबारा मागतात.
(ड) ऑनलाइन सातबाऱ्यामुळे तलाठी कार्यालयातल्या खेपा वाचल्या.

प्रश्न २. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर फक्त थोरल्या भावाचं नाव लागलं. बहिणीचं म्हणणं, जमिनीत माझाही वाटा आहे. उताऱ्यानुसार योग्य काय?
(अ) नाव नसल्यामुळे बहिणीचा हक्क संपला.
(ब) २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना समान हक्क मिळाला आहे, म्हणून बहीण निम्म्या जमिनीची मालक आहे.
(क) केवळ नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क गेला असं म्हणता येत नाही. वाद दिवाणी न्यायालयात सोडवावा लागेल.
(ड) बहिणीनं विरुद्ध पुरावा दिला, तरी भावाची नोंद खरीच मानावी लागेल.

पहिल्याचं उत्तर (ब), दुसऱ्याचं (क). बहुतेकांना ते सापडलं असेल. पण परीक्षेत फायदा होतो तो बाकीचे तीन पर्याय का चुकले हे सांगता आल्यानं, कारण ही चुकीची बियाणं दर पेपरात पुन्हा पुन्हा पेरली जातात.

पहिल्या प्रश्नातला (अ) हा *फुगवलेला* पर्याय. नोंद मालकीला पुरेशी नाही, एवढंच उताऱ्यात आहे. पर्यायानं त्याचं ‘बेभरवशाचा’ करून टाकलं. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’, ‘पूर्णपणे’ असे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तेवढं जोरदार विधान आहे का, हे तपासायचं. (क) हा *शेजारचा* पर्याय. वाक्य उताऱ्यात आहे, खरंही आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. मुख्य मुद्दा विचारला की एखादा तपशील पुढे करणारा हा पर्याय सर्वांत जास्त बळी घेतो, कारण तो उताऱ्यात शोधला की सापडतो आणि जीव भांड्यात पडतो. (ड) हा *गावगप्पांचा* पर्याय: बाहेरच्या जगात खरा, कागदावर कुठेही नाही.

दुसऱ्या प्रश्नातला (ब) हा गावगप्पांचाच भाऊबंद, फक्त जास्त शिकलेला. २००५ ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती खरी आहे, आणि ज्यानं वर्षभर कायद्याच्या बातम्या वाचल्या त्याला ती आठवणारच. पण उताऱ्यात तिचा उल्लेख नाही. कुटुंबाला कोणता वारसा कायदा लागू आहे, आणखी वारस किती, हेही माहीत नाही. ‘निम्मी’ हा शब्द आला कुठून? क्लॅटच्या कायदेविषयक उताऱ्यांत हा सापळा हमखास असतो. तिथे कायद्याच्या पूर्वज्ञानाची अपेक्षा नसते; दिलेलं तत्त्व दिलेल्या प्रसंगाला लावायचं असतं. (अ) मध्ये उताऱ्यातलं वाक्य *उलटं* करून ठेवलंय. (ड) मध्ये एकच शब्द गिळलाय: ‘येईपर्यंत’.

हा ‘येईपर्यंत’ म्हणजे सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’चा रकाना. नाव आणि क्षेत्र सगळे बघतात. बोजा त्या रकान्यात असतो. उताऱ्यातही विधान सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि त्याला बांधलेली अट निसटते. क्लॅट कागदावर होते, प्रश्नपत्रिका तुमच्या हातात असते. रेघ ओढायची तर ती अशा अटींखाली आणि ‘पण’, ‘तरीही’, ‘अन्यथा’ अशा वळणांखाली. सगळा परिच्छेद रंगवला की काहीच उठून दिसत नाही.

पर्याय बघून उत्तर येतं का?

शिकवणीत एक युक्ती कुजबुजली जाते: पर्याय नीट पाहिले की उतारा वाचायचीही गरज नाही. यात थोडं तथ्य आहे, आणि ते मोजलंही गेलंय. १९९० मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ‘सॅट’ या प्रवेश परीक्षेतले आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याविनाच दिले. पाच पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर २० टक्के उत्तरं बरोबर यावीत. या मुलांची त्याहून बरीच जास्त आली. सामान्य ज्ञान आणि पर्यायांची घडण यांवरून उत्तराचा वास लागत होता. अर्थात वासावर चालणारी युक्ती परीक्षा काढणाऱ्यांनाही माहीत असते. वर पाहिलेला गावगप्पांचा पर्याय असाच वास घेत येणाऱ्यांसाठी लावलेला पिंजरा आहे.

अंदाजाचा हिशेब मात्र माहीत असावा. चार पर्याय, बरोबरला एक, चुकीला वजा पाव. पूर्ण अंधारात मारलेल्या बाणाचा सरासरी लाभ गुणाचा सोळावा भाग, म्हणजे जवळजवळ शून्य. दोन पर्याय खात्रीनं बाद केले तर तोच लाभ ०.३७५ होतो. तेव्हा दोन उडवता आले की उत्तर द्यावं. एकही उडवता आला नाही तर पुढे जावं. अर्धवट कळलेल्या उताऱ्यावरचा अंदाज तर अंधारातल्या बाणाहून वाईट, कारण सापळे अर्धवट कळलेल्यांनाच ओढण्यासाठी रचलेले असतात.

प्रश्न आधी वाचावेत की उतारा? यावर मुलांत वाद रंगतात. मला वाटतं, इंग्रजी आणि तर्काच्या विभागात फक्त प्रश्नांवर दहा-पंधरा सेकंद नजर टाकावी, पर्यायांवर नको. चुकीचे पर्याय आधी वाचले की उताऱ्यात तेच दिसू लागतं. कायदेविषयक विभागात मात्र उतारा आधी, कारण तिथल्या प्रश्नांतले प्रसंग तत्त्व कळल्याशिवाय नुसत्या गोष्टी वाटतात.

चुकांची वही

सराव सगळेच करतात. पन्नास उतारे सोडवायचे, गुण मोजायचे, वाईट वाटून घ्यायचं आणि एक्कावन्नावा घ्यायचा. यात उतारे संपतात, चुका शिल्लक राहतात. त्यापेक्षा शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: प्रश्न कोणता, मी काय निवडलं, का निवडलं, उताऱ्याची कोणती ओळ त्याला खोटं पाडते, चूक कशाची: शब्द, वाक्य, विषय, पर्याय की वेळ. बरोबर आलेलं पण खात्री नसलेलं उत्तरही चुकीतच धरा.

वीस उताऱ्यांनंतर पाचवा रकाना मोजा. ‘शब्द’ जास्त असतील, तर दुतोंडी शब्दांची यादी आणि रोजचं इंग्रजी वाचन. ‘वाक्य’ असेल, तर कर्ता-क्रियापदाची रेघ. ‘विषय’ असेल, तर विश्वकोश आणि वर्तमानपत्राची आतली पानं. ‘पर्याय’ असेल, तर फुगवलेला, शेजारचा, गावगप्पांचा, उलटा, गिळलेला, यांतला कोणता आपल्याला वारंवार चकवतो ते हुडकायचं. ही दुरुस्ती सर्वांत लवकर होते, महिना-दोन महिन्यांत गुण हलतात. शब्द आणि विषय यांना मात्र सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून अकरावीतल्या मुलानं विषयापासून सुरुवात करावी आणि परीक्षेला दोन महिने उरलेल्यानं पर्यायांपासून.

सरावाला २०२० पासूनचे क्लॅटचेच पेपर घ्या. ते परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठसंघाच्या संकेतस्थळावर उत्तरांसह मिळतात. त्याआधीचे पेपर आकलनाच्या सरावाला फारसे उपयोगाचे नाहीत.

रोजच्या वाचनासाठी एक सवय पुरे. लेख संपला की तो बाजूला सारून तीन ओळी लिहायच्या: लेखकाचं म्हणणं काय, आधार काय, अट कुठे आहे. पुन्हा वाचण्याचा मोह होईल, तो टाळा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवडा उलटल्यावर, पुन्हा न वाचता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतं असा भास होतो. कोऱ्या कागदासमोर तो टिकत नाही.

वहीतला तिसरा रकाना, ‘का निवडलं’ हा, अधूनमधून सुरुवातीपासून चाळत राहा. पहिल्या पानांवर तिथे बहुधा एकच वाक्य असतं: ‘असं वाटलं’. काही आठवड्यांनी ‘दोन्हींत गोंधळ झाला’ दिसू लागतं. मग एखाद्या पानावर ‘ओळ सहा, पण अट सुटली’. उत्तर तरीही चुकलेलंच असतं, पण त्या पानावर तुमचं बोट बँकेच्या साहेबासारखं कागदावर टेकलेलं असतं. तिथून पुढे गुण वाढायला वेळ लागत नाही.